दहावे जहाज

नऊ जहाजे ठरली होती. दहाव्यापाशी आम्ही दोन महिने अडून बसलो होतो आणि त्याचे कारण मानसिंगराव.

ही गोष्ट १९५६ सालची. त्या वर्षी ग्वाल्हेरात कुणाचा कुणावर विश्वास नव्हता. नोव्हेंबरात मध्य भारत राज्य संपणार आणि राजधानी भोपाळला होणार हे सगळ्यांना ठाऊक होते. पण कुठल्या कचेरीतले कोण जाणार, कोण राहणार, कुणाची खुर्ची कुणाच्या हाताखाली लागणार, ते कळत नव्हते. सकाळी दूध घेताना माणसे एकमेकांना विचारत, "तुमचं नाव आलं का यादीत?" समोरच्याने हो म्हटले तरी खरे वाटत नसे, नाही म्हटले तरी नसे.

मी शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षे झाली होती. इतिहास शिकवताना मी वर्गासाठी एक खेळ केला होता. पुठ्ठ्यावर चौकोनांचा समुद्र, चार कवड्या आणि जहाजांची कार्डे. प्रत्येक कार्डावर डोलकाठ्या किती, तोफा किती, माणसे किती. वाऱ्याची कार्डे वेगळी, ती उलटी ठेवायची आणि आपली पाळी आली की एक उचलायचे. नई सडकेवर छापखाना असलेल्या दिनकररावांनी हा खेळ मुलांना खेळताना पाहिला आणि म्हणाले, "गुरुजी, लग्नपत्रिका छापून कंटाळलो. हा खेळ डब्यात घालून विकू. नाव ठेवू ‘आरमार’. दहा जहाजं द्या, प्रत्येकाच्या मागे चार ओळी माहिती. दसऱ्याच्या आत."

त्या चार ओळी खऱ्या असाव्यात, एवढाच माझा हट्ट होता. धड्यातली चूक मूल परीक्षा झाली की विसरते. खेळातली चूक मात्र म्हातारपणापर्यंत सोबत नेते.

दोन गुराबा, म्हणजे तोफांची मोठी लढाऊ जहाजे, घेतल्या, दोन गलबते, एक मालवाहू शिबाड, एक मचवा, एक पोर्तुगीज जहाज, एक इंग्रज आणि एक जंजिऱ्याच्या सिद्दीचे. मुले ओट्यावर खेळून बघत. पहिल्या दिवशी सगळी इंग्रजांच्या तीन डोलकाठ्यांच्या जहाजावर तुटून पडत. मग ‘वारा पडला’ हे कार्ड निघे. ते एवढे थोरले धूड जागच्या जागी उभे राही आणि शेजारचे छोटे गलबत वल्ही मारत त्याच्या पाठीशी जाऊन पोचे.

"गुरुजी, ये तो बेईमानी है!"

"बेईमानी नाही बाळ. त्याला वल्ही आहेत. कार्ड नीट वाच."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गलबत हवे असे.

या मुलांत राजी होती, म्हणजे राजलक्ष्मी, मानसिंगरावांची नात. तिनेच घरी जाऊन सांगितले असणार. एका दुपारी मानसिंगराव स्वतः आले. संस्थानच्या फौजेत ते तोफखान्यात होते. फौज हिंदुस्थानच्या सैन्यात मिळवली गेली तेव्हा वय जास्त भरले म्हणून घरी बसवले गेले. मिशा तशाच होत्या, बसणे ताठ होते. पाणीही न घेता ते म्हणाले, "मास्तर, एक जागा बाकी आहे म्हणतात. आमचं जहाज घाला."

"तुमचं जहाज?"

"आमचे मूळ पुरुष सूर्याजी. कोकणच्या आरमारात होते. घरात ऐकत आलोय."

मी जरा हसलो असेन. त्या दिवसांत आमच्या लष्कर भागातल्या प्रत्येक घरातून एक मूळ पुरुष वर येत होता. "समुद्रावरचा माणूस चंबळेकडे कसा आला?"

"आरमार बुडालं, पोटाला शिंद्यांची चाकरी धरली. तोफ तीच मास्तर. खाली पाणी नव्हतं, एवढंच." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही बघितलाय का समुद्र?"

"एकदा, मुंबईला. ओहोटी होती."

"मग तुम्ही चिखल बघितला," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा थोडे हसले. नंतर आवाज खाली आला. "माझा जयसिंह सचिवालयात आहे. दिवाळीच्या आधी भोपाळला जाणार, बायको-पोरीला घेऊन. राजी तिकडे हिंदी शाळेत जाईल. दोन वर्षांत मला ‘दादाजी’ म्हणेल. घरातलं काय देऊ तिला? तलवार जयसिंह नेत नाही, म्हणतो क्वार्टरमध्ये शोभत नाही. तुमचा डबा निघाला की ती उशाशी घेऊन झोपेल. त्यात आपलं एक जहाज असलं की पुरे."

मी विचारले, "कागद आहे का?"

हा प्रश्न मी विचारला. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढचे सगळे त्यातून झाले.

ते म्हणाले, "असेल. शोधतो."

पंधरा दिवसांनी ते लाल फडक्यात बांधलेला कागद घेऊन आले. मोडी लिपी, पिवळा पडलेला, किड्यांनी खाल्लेला. माझ्या हातात दिला नाही. स्वतःच वाचून दाखवला: गुराब ‘सिंहमुख’, डोलकाठ्या तीन, तोफा अठरा, माणूस सव्वाशे, हुकूम सूर्याजींचा. आवाज खणखणीत होता. पण मी चाळीस वर्षे मुलांना वाचताना पाहिले आहे. वाचणाऱ्याची नजर ओळीबरोबर सरकते. मानसिंगरावांची नजर कागदाच्या मधोमध रोवलेली होती. त्यांना मोडी येत नव्हती. ते पाठ म्हणत होते.

"कागद ठेवून जा," मी म्हणालो. "मी पाहिल्याशिवाय दिनकरराव छपाईचे खिळे जुळवणार नाहीत."

"म्हणजे शक आहे तुम्हाला. सीधं बोला ना."

"मला सगळ्याच जहाजांचा शक होता. म्हणून तर नऊच ठरली."

"तुमच्या घरात कागद, आमच्या घरात तलवार," मानसिंगराव उठत म्हणाले. "राज्य होतं तोवर दोन्ही चालायचं. आता नुसता कागद चालतो. लिहिणारे तुम्ही, मग आम्ही कागदात येणार कसे?" तरीही कागद ठेवून गेले, एका दिवसाच्या बोलीवर.

मी तो खिडकीच्या उजेडात धरला. भोके खरी होती. पण ज्या ज्या ठिकाणी भोक होते, तिथे अक्षरे त्याला वळसा घालून गेली होती, वाटेतला खड्डा पाहून माणूस बाजूने जावा तशी. एकही अक्षर किड्याने खाल्लेले नव्हते. किडा आधी जेवून गेला होता, लिहिणारा नंतर बसला होता.

आणि ते हस्ताक्षर मी ओळखत होतो. सदाशिवराव पूर्वी दफ्तरखान्यात होते. आता न्यायालयासमोर लिंबाखाली फळी मांडून अर्ज लिहीत. मी जाऊन कागद त्यांच्यासमोर धरला.

"मी काय काय लिहितो ते मला आठवत नाही," ते कागदाकडे न बघता म्हणाले.

"कोऱ्या जुन्या कागदाचा गठ्ठा दफ्तरातून आणलात ना?"

"रमाकांत, तू मास्तरच राहिलास. लोकांना कागद लागतो. माझ्याकडे कागद आहे." त्यांनी बोरू पुसला. मग त्यांना राहवले नाही. "पण एक सांगतो. माझ्याकडे येतो तो गाव मागतो, जमीन मागतो, वतन मागतो. आजवर गुराब मागायला कुणी आला नव्हता. हाच पहिला. मी विचारलं, किती मोठी लिहू? म्हणाला, मला काय माहीत, मोठी लिहा. ‘सिंहमुख’ मीच ठेवलं. बरं आहे ना?"

परत येताना मला राग यायला हवा होता. आली ती शंका. खोटे बोलणारा माणूस जमीन सोडून जहाज का मागेल? की राजीसाठी म्हातारा काहीही मागेल, आकाशातले विमानही? मला मानसिंगरावांचा संशय येत होता, सदाशिवरावांचा येत होता आणि थोडासा माझा स्वतःचाही. कारण नकार द्यायला कारण मिळाले म्हणून मला बरे वाटले होते.

दुसऱ्या दिवशी कागद परत द्यायला निघालो. श्रावणी पौर्णिमा होती. बाजारात राख्यांची झुंबड होती, पोरांच्या मनगटांवर कोपरापर्यंत फुले होती. मानसिंगरावांचे घर माधवगंजात. माझे बालपणही माधवगंजातच गेले, पण त्यांच्या गल्लीत समोरून कधी गेलो नव्हतो. दार उघडे होते. हाक मारली, उत्तर आले नाही. आतून पाण्याच्या रहाटाचा आवाज येत होता, म्हणून मागच्या अंगणात गेलो.

घरातली सगळी माणसे विहिरीभोवती उभी होती. जयसिंहराव, त्यांची बायको, राजी, आणि मानसिंगराव डोक्याला फेटा बांधून. त्यांच्या पत्नी शांताताई काठावर, हातात सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ. माझ्याकडे कुणाचे लक्ष नव्हते. मी खांबाशी थांबलो.

शांताताईंनी विचारले, "वारा कुठला?"

मानसिंगरावांनी बोट ओले करून वर धरले आणि म्हणाले, "वायव्येचा."

"सगळे आले?"

"एक मागे आहे. येतोय."

मग नारळ रहाटाच्या टोपलीतून हळूहळू खाली सोडला. पाण्याचा बारीक आवाज आला. कुणी हात जोडले नाहीत, कुणी आरती म्हटली नाही. सगळे थोडा वेळ नुसते खाली बघत उभे राहिले, जणू खरेच कुणाची वाट बघत आहेत. मग राजी मला बघून ओरडली, "गुरुजी आले!"

मानसिंगरावांनी घाईघाईने फेटा काढला. चोरी करताना सापडलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला. कागद वाचताना तो असा झाला नव्हता.

"काही नाही मास्तर," शांताताई पदर सावरत म्हणाल्या. "आमच्या घरची एक वेडी रीत आहे. लोक हसतात."

मी लाल फडके मानसिंगरावांच्या हातात दिले. "हा कागद खोटा आहे. भोकं आधीची आहेत, अक्षरं नंतरची."

जयसिंहराव बापाकडे बघू लागले.

"मी म्हटलं होतं," शांताताई हळूच म्हणाल्या.

"तू गप." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "जागीर गेली तेव्हा कागद मागितला. पलटण मोडली तेव्हा वयाचा कागद मागितला. पोराची बदली, त्याला कागद. तुम्हीही तेच मागितलंत. मी म्हटलं, कागदाची दुनिया आहे, घेऊ एक करून. जा आता, सांगा साऱ्या लष्करात."

मी तसाच उभा होतो. माझ्या डोक्यात वेगळेच चालले होते. वाईट वाटते सांगायला, पण माझा संशय तेव्हाही सुटला नव्हता. मी विचारले, "हे आत्ताचं... हे माझ्यासाठी केलंत का?"

शांताताईंनी माझ्याकडे असे पाहिले की मी अजून विसरलो नाही. "तुम्ही येणार हे कुणाला ठाऊक होतं? आणि ठाऊक असतं तर दार लावून घेतलं असतं. मी या घरात आले तेव्हा नऊ वर्षांची होते. सासूबाईंनी पहिल्याच श्रावणात नारळ हातात दिला. माहेरी सांगितलं तर माझी आई म्हणाली, विहिरीला कशाला गं, गंगेला टाकावा. शेजारणी तर या दिवशी आमचं पाणी भरत नाहीत."

पाणी भरत नाहीत. हे ऐकताच मी मागच्या भिंतीकडे पाहिले. भिंतीत एक मारुतीचा कोनाडा होता, वरचा कोपरा फुटलेला. तो कोनाडा मला माहीत होता, फक्त भिंतीवरून पाहिलेला. भिंतीपलीकडची गल्ली आमची. लहानपणी आम्ही तिथे विटी-दांडू खेळत असू आणि तहान लागली की त्या भिंतीवर चढून पाणी मागत असू. माझी आई ओरडायची, "राखीच्या दिवशी नारळाच्या विहिरीचं पिऊ नको!" आमच्या गल्लीत तिला सगळे नारळाची विहीरच म्हणत. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. मला ते नाव पाठ होते आणि ते तसे का, हे मी एकदाही विचारले नव्हते. पुढे चाळीस वर्षे मुलांना सांगत राहिलो की प्रश्न विचारा.

मी विहिरीच्या कठड्यावर बसलो. "मानसिंगराव, वारा कुठला आहे आत्ता?"

"काय?"

"बोट धरा."

त्यांनी चिडून बोट धरले. शेजारच्या घरातला चुलीचा धूर आमच्या डोक्यावरून सरळ पश्चिमेकडे चालला होता.

"पूर्वेचा आहे," मी म्हणालो. "मघाशी वायव्येचा म्हणालात."

"उत्तर ठरलेलं आहे. माझा बाप तेच म्हणायचा, त्याचा बापही तेच. वारा कुठलाही असो."

"बोट कशाला ओलं करता मग?"

"तशी रीत आहे," ते म्हणाले, आणि मला वाटते त्यांना पहिल्यांदाच त्यात काही चमत्कारिक वाटले.

आदल्याच महिन्यात मी खेळाची वाऱ्याची कार्डे लिहिली होती. त्यासाठी किनाऱ्याची जुनी माहिती वाचून काढली होती. पावसाळा सरत आला की कोकणात वारा वायव्येकडून येऊ लागतो, समुद्र उघडतो, तेव्हा नारळ वाहून माणसे गलबते पाण्यात लोटतात. मानसिंगरावांना हे ठाऊक नव्हते. शांताताईंना नव्हते. सदाशिवरावांना तर मुळीच नव्हते, नाहीतर त्यांनी ते अठरा तोफांच्या आधी लिहिले असते. ठरवून खोटे रचणारा माणूस आजचा वारा बघून बोलला असता. या घरात मात्र कधीतरी कुणीतरी दुसऱ्याच काठावर उभे राहून दिलेले उत्तर तसेच्या तसे चालत आले होते, इतकी वर्षे, चुलीचा धूर दुसरीकडे जात असतानाही.

मी हे सगळे राजीला समजेल अशा शब्दांत सांगितले. मोठ्यांना सांगायचे असले की मी लहानांकडे बघून बोलतो, ती माझी सवय. मानसिंगराव खाली बसले.

"मग घालणार आमची ‘सिंहमुख’?"

"‘सिंहमुख’ नाही. ती सदाशिवरावांची. तुमचं जहाज घालीन. नावाशिवाय."

"नावाशिवाय?" ते पुन्हा तापले. "बिननावी म्हणजे बेवारस. पोरीला सांगू काय, आपलं बेवारस आहे म्हणून?"

"नाव तुम्हाला माहीत आहे?"

"नाही."

"मला नाही, सदाशिवरावांना नाही. मग लिहू कसं?"

"ही तुमची पळवाट आहे मास्तर. घालायचं नाही, पण नाही म्हणायचं नाही." शांताताईंनी गूळ-पाणी आणले, पण मानसिंगराव मला घ्या म्हणाले नाहीत. मी घेतले आणि निघालो. लाल फडके त्यांच्या मांडीवर तसेच होते.

दिनकररावांना मी दहावे कार्ड दिले तेव्हा तेही शंकेने बघू लागले. "गुरुजी, नावाची जागा कोरी? लोक म्हणतील, छापायला विसरले."

"कोरीच ठेवा. खाली रेघ मारा."

कार्डावर एक डोलकाठी होती, वल्ही होती. तोफा दोन, कारण त्याहून कमी ठेवल्या तर मुले खेळायला घेत नाहीत. एवढे माझ्या पदरचे होते आणि तसे मी कार्डाच्या कोपऱ्यात लिहिले. मागे चार ओळी: ‘ग्वाल्हेरच्या एका घरात दर नारळी पौर्णिमेला विहिरीला नारळ वाहतात. ते घर समुद्रावरून आले असावे. त्यांच्या जहाजाचे नाव आता कुणाला ठाऊक नाही. त्यावरचा एक माणूस अजून परतायचा आहे.’ आणि खेळात त्याचा नियम असा केला, की या जहाजावर एक माणूस नेहमी कमी धरायचा, पण सगळी जहाजे बुडाली तरी हे शेवटपर्यंत बंदराबाहेर थांबू शकते.

मुलांना तो नियम फार आवडला. कारण विचारायला मात्र त्या आठवड्यात राजी आली नाही. पुढच्याही आठवड्यात आली नाही. मला वाटले, संपले.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात जयसिंहरावांचे सामान निघाले. डबा द्यायला मी स्टेशनवर गेलो. भोपाळची गाडी दुपारची होती. फलाटावर निम्मे सचिवालय वळकट्यांवर बसले होते आणि आपल्या पेट्यांवर नजर ठेवून होते. मानसिंगराव एका बाजूला ताठ उभे होते. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली.

राजीने तिथेच डबा उघडला आणि दहावे कार्ड काढून मागच्या ओळी मोठ्याने वाचल्या. मराठीत, अडखळत, एक एक अक्षर. मानसिंगराव दुसरीकडे बघत ऐकत होते. ‘परतायचा आहे’ला ती पोचली तेव्हा त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"आजोबा, ये हमारा है ना?"

"आपलं आहे," ते म्हणाले. मग जरा कठोरपणे, "मराठीत विचार."

"आपलं आहे ना?"

"आहे म्हणतो ना." त्यांनी खिशातून शिसपेन्सिल काढली. बहुधा मुद्दाम आणली होती. "नाव कोरं आहे. तू लिही. काय लिहायचं ते लिही. सिंह लिही, वाघ लिही. मास्तर काही म्हणणार नाहीत." हे माझ्याकडे न बघता, पण मला ऐकू जाईल असे.

राजीने पेन्सिल घेतली. कार्ड मांडीवर ठेवले. बराच वेळ विचार केला. गाडी येत असल्याची घंटा झाली, जयसिंहराव हमालाला हाका मारू लागले.

तिने पेन्सिल परत दिली.

"आत्ता नाही," ती म्हणाली. "एक जण मागे आहे ना. तो आला की त्यालाच विचारू."

मानसिंगरावांनी पेन्सिल घेतली, तिच्याकडे पाहिले आणि मग पहिल्यांदा सरळ माझ्याकडे. त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली, ओले नसलेले बोट वर धरले आणि विचारले, "मास्तर, वारा कुठला?"

"वायव्येचा," मी म्हणालो.

गाडीचा धूर आमच्या अंगावरून सरळ पश्चिमेकडे गेला आणि आम्ही दोघांनी तो पाहिला.